फ्लाइट इन्स्ट्रक्टरचा झटपट कोर्स निवडताना : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नाशिकरोडची. तिथल्या गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणारी लष्कराची हेलिकॉप्टरं बघत मोठी झाले. अमेरिकेत सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आणि इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट घेतलं, परत येऊन डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, सगळे सोपस्कार पूर्ण केले, आणि आता खानदेशात शिकवते. सुट्टीला घरी आले की कुणाचा तरी फोन येतोच : "ताई, दोन आठवड्यांत इन्स्ट्रक्टर करतात म्हणे. जाऊ का?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. घाईघाईत फोनवर सांगितलेल्या चार वाक्यांवर कुणी घरचे पैसे लावावेत, हे मला पटत नाही.

दोन आठवड्यांत इन्स्ट्रक्टर होता येतं, हे खरं आहे का?

होता येतं, पण तयारी आधी झालेली असेल तरच. अमेरिकेत सात ते चौदा दिवसांचे इन्स्ट्रक्टर कोर्स सर्रास चालतात. सकाळी उड्डाण, दुपारी फळ्यासमोर उभं राहून शिकवण्याचा सराव, रात्री दुसऱ्या दिवसाच्या धड्याची तयारी, असा दिवसाला दहा-दहा तासांचा क्रम असतो. लेखी परीक्षा झालेल्या आहेत, सीपीएलच्या कसरती हातात बसलेल्या आहेत आणि धड्यांची टाचणं निदान अर्धी लिहून झाली आहेत, असं संस्था गृहीत धरते. अशा माणसाला हा वेग मानवतो. रोज उडल्यामुळे काल शिकलेलं आज विसरत नाही. ज्याची तयारी नाही त्याचे हेच दोन आठवडे जुनी भोकं बुजवण्यात जातात, आणि शिकवायला शिकणं राहूनच जातं.

म्हणून कोर्स कुठला निवडायचा यापेक्षा जाण्याआधीचे तीन महिने नाशिकमध्ये काय करायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

जाहिरातीत ‘सीएफआय’ लिहिलेलं असतं. ते नेमकं काय?

इथे बरेच जण फसतात. अमेरिकेत सीएफआय म्हणजे ‘सर्टिफिकेटेड फ्लाइट इन्स्ट्रक्टर’, शिकवण्याचं सर्टिफिकेट असलेला कुठलाही वैमानिक. भारतात सीएफआय म्हणजे ‘चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर’, संस्थेतल्या उड्डाण प्रशिक्षणाचा प्रमुख. भारतातली पहिली पायरी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरची, म्हणजे एएफआयआर. असिस्टंट हा फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवतो. पुढची पायरी फ्लाइट इन्स्ट्रक्टरची, म्हणजे एफआयआर, आणि चीफ होण्याची गोष्ट त्याच्याही पुढची. भारतातली एखादी संस्था ‘सीएफआय कोर्स’ विकत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा : शेवटी माझ्या हातात कुठल्या देशाचा, कुठला कागद येणार?

किमान पात्रता काय लागते?

अमेरिकेसाठी वय १८ पूर्ण, कमर्शियल सर्टिफिकेट आणि विमानासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता नुसत्या उपकरणांवर उडवण्याची पात्रता), ज्या प्रकारच्या विमानावर शिकवायचं त्यावर पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी ज्याच्याकडे तो वैमानिक) म्हणून किमान १५ तास, आणि दोन लेखी परीक्षा. पहिली शिकवण्याच्या शास्त्राची, ५० प्रश्नांची. दुसरी विमानोड्डाणाच्या विषयांची, १०० प्रश्नांची. दोन्हींत ७० टक्के लागतात आणि निकाल २४ महिने चालतो. शिवाय स्पिनचं, म्हणजे गिरकी घेत खाली येणारं विमान सावरण्याचं, प्रशिक्षण घेतल्याची इन्स्ट्रक्टरने लॉगबुकमध्ये केलेली नोंद. या सगळ्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षा.

भारतात डीजीसीएचं चालू सीपीएल आणि वैध मेडिकल हा पाया. सीपीएललाच एकूण २०० तास लागतात. एएफआयआरच्या तासांच्या अटी मात्र कुणा मित्राच्या सांगण्यावरून धरू नका. डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा मजकूर वाचा आणि आपलं लॉगबुक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा.

भारतात करू की अमेरिकेत?

आधी हे बघा की दोन्हीकडचे इन्स्ट्रक्टर वेगळ्या कारणांनी तयार होतात. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान पडलं. त्यानंतर अमेरिकेने कायदा बदलला, आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही साधारणपणे १,५०० तास लागू लागले. सीपीएल होतं अडीचशे तासांच्या आसपास. मधले बाराशे-साडेबाराशे तास स्वतःच्या पैशांनी कोण उडणार? म्हणून तिथली मुलं इन्स्ट्रक्टर होतात. हजारो जण दरवर्षी याच वाटेने जातात, आणि झटपट कोर्सची एवढी दुकानं उभी राहिली ती त्यामुळेच.

आपल्याकडे दोनशे तासांचं सीपीएल आणि टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवण्याची पात्रता) असेल तर एअरलाइन को-पायलट म्हणून घेते. इन्स्ट्रक्टर होणं ही सक्तीची पायरी नाही. त्यामुळे इन्स्ट्रक्टर कमी, कोर्स कमी, आणि जे आहेत ते संस्थेच्या रोजच्या उड्डाणांमधून वेळ काढून चालवलेले. वेग तिथे जास्त हे खरं, पण त्या वेगामागे तिथली गरज आहे.

मग निवड कशी करायची? तुम्हाला शिकवायचं कुठे आहे, ते आधी ठरवा. भारतात शिकवायचं असेल तर डीजीसीएचं रेटिंग लागतंच. अमेरिकेचं सर्टिफिकेट दाखवून इथे इन्स्ट्रक्टर म्हणून उजव्या सीटवर बसता येत नाही. तिथून करून आलात तर ते इथे कितपत धरलं जाईल आणि वर काय काय करावं लागेल, हे डीजीसीएकडून लेखी विचारून घ्या, तेही तिकीट काढण्याआधी. माझ्याकडे सीपीएल तिथलंच होतं, म्हणून तिथे इन्स्ट्रक्टर होणं सोयीचं पडलं. भारतातच सीपीएल केलेल्या आणि भारतातच शिकवू इच्छिणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींना मी स्पष्ट सांगते : इथेच करा. थोडं लांबेल, पण कागद एकच लागेल आणि ज्या हवेत, ज्या रेडिओवर उद्या शिकवायचं आहे तिथेच सराव होईल.

अमेरिकेतच शिकवत राहून तास जमवता येणार नाहीत का?

नुसता दोन आठवड्यांचा कोर्स करून नाही. एम-१ या विद्यार्थी व्हिसावर प्रशिक्षण संपल्यावर काम करायची जी मुभा मिळते ती चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि जास्तीत जास्त सहा महिने. चौदा दिवसांच्या शिक्षणावर काय मिळणार, हिशेब सोपा आहे. आणि पर्यटक व्हिसावर जाऊन कोर्स उरकण्याचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो आजच काढून टाका.

युरोपात वेगळं असतं का?

हो, बरंच. युरोपच्या नियमांत इन्स्ट्रक्टर कोर्सला १२५ तासांचं वर्गातलं शिक्षण आणि ३० तास उड्डाण ठरवून दिलेलं आहे. पास झाल्यावरही सुरुवातीला मर्यादित अधिकार मिळतात. १०० तास शिकवून होईपर्यंत आणि विद्यार्थ्यांच्या २५ सोलो उड्डाणांवर देखरेख होईपर्यंत वरिष्ठाच्या नजरेखाली काम करावं लागतं. अमेरिकेच्या नियमांत शिकवण्याच्या तासांचा असा ठरलेला आकडा नाही, म्हणून तिथे दिवस कमी करता येतात. मला युरोपची ही पद्धत जास्त आवडते, पण नाशिकमधून तिकडे जाण्याचा खर्च आणि परवाना बदलण्याचा व्याप बघता मी ती सहसा सुचवत नाही.

नाशिकमध्येच हे शिकता येईल का? इथे दोन विमानतळ आहेत.

विमानतळ आहेत, पण ते या कामासाठी नाहीत. ओझरची धावपट्टी एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्स). १९६४ मध्ये मिग बनवण्यासाठी हा कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई तिथे बांधलं गेलं, आणि आता हवाई दलासाठीचं एचटीटी-४० हे प्रशिक्षण विमानही तिथे बनतं. गांधीनगरला लष्कराचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. हेलिकॉप्टर इन्स्ट्रक्टर तयार करण्याचा कोर्स तिथे चालतो, पण तो लष्करी अधिकाऱ्यांसाठी. म्हणजे आपल्या डोक्यावरून रोज इन्स्ट्रक्टर घडत असतात, तरी नागरी वैमानिकाला शिकायला गावाबाहेर जावं लागतं.

जवळची ठिकाणं म्हणजे धुळे, शिरपूर आणि जळगाव. पुढे बारामती, अमरावती, गोंदिया. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्याने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येतं, त्यामुळे निदान डोळ्यांनी बघून येणं तरी अवघड नाही. मात्र प्रत्येक संस्था इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण देतेच असं नाही. डीजीसीएच्या मान्यतेत एएफआयआरचा उल्लेख आहे का, ते तपासा. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांचं मानांकनही जाहीर करू लागलं आहे, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. ते जरूर बघा. पण मानांकन संस्थेचं असतं. तुम्हाला शिकवणारा माणूस कोण, हे त्यात लिहिलेलं नसतं.

संस्थेला फोन केल्यावर काय विचारू?

फी सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, मला कोण शिकवणार? नाव विचारा, त्यांनी आजवर किती इन्स्ट्रक्टर तयार केले ते विचारा. विद्यार्थ्याला वैमानिक बनवणं आणि वैमानिकाला शिक्षक बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेच्या नियमातही हा फरक आहे. नव्या इन्स्ट्रक्टरला घडवणाऱ्याकडे साधारणपणे २४ महिन्यांचा अनुभव आणि २०० तास शिकवल्याची नोंद असावी लागते. काल पास झालेल्या मुलाकडून आज तुम्हाला शिकवून घ्यायचं, असं चालत नाही.

मग विमानांबद्दल. ताफ्यात बारा विमानं आहेत म्हणून सांगतील. तुम्ही विचारा, आज उडण्याजोगी किती? त्यातली स्पिन करायला चालणारी किती? माझ्या कोर्सच्या वेळी स्पिनला चालणारं विमान एकच होतं. भाड्याने शिकवण्यासाठी वापरायच्या विमानाची तिथे दर १०० तासांनी तपासणी करावी लागते. ती माझ्या तिसऱ्याच दिवशी येऊन ठेपली, आणि विमान सहा दिवस हँगरमध्ये उघडं पडून होतं. दहा दिवसांचा कोर्स, त्यातले सहा दिवस मी हॉटेलच्या खोलीत बसून काढले, भाडं स्वतःच्या खिशातून भरत. पुढच्या तपासणीला किती तास उरलेत, एवढा एक प्रश्न आधी विचारला असता तर आठवडाभराने गेले असते.

तिसरा प्रश्न परीक्षकाच्या तारखेचा. कोर्स चौदा दिवसांत संपतो, पण परीक्षक महिन्याने मिळतो, असं फार वेळा होतं. आणि हात महिनाभर थांबला की झटपट शिकलेलं झटपटच विरतं. तारीख ठरलेली आहे का, हवामानाने हुकली तर दुसरी कधी, आणि तोवरच्या सरावाचे पैसे कुणी भरायचे, हे लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विचारत नाहीत : एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? अमेरिकेत इन्स्ट्रक्टरला सलग २४ तासांत ८ तासांहून जास्त उड्डाण प्रशिक्षण देता येत नाही. पाच विद्यार्थ्यांत हे आठ तास वाटले गेले तर तुमच्या वाट्याला किती येतील?

‘पास होण्याची हमी’ देणारी संस्था चांगली का?

माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. परीक्षा परीक्षक घेतो, संस्था नाही. हमी म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की नापास झालात तर जादा सराव फुकट किंवा कमी पैशांत. तसं असेल तर वाईट नाही, पण तसंच आणि तेवढंच करारात लिहिलेलं असू द्या.

कोर्सआधी नाशिकमध्ये बसून नक्की काय तयारी करायची?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आवडीने देते.

पहिलं काम, लेखी परीक्षा संपवून टाका. कोर्सच्या दिवसांत त्यांचं ओझं डोक्यावर नको.

दुसरं, धड्यांची टाचणं स्वतःच्या हाताने लिहा. बाजारात तयार वह्या मिळतात, त्या संदर्भाला ठेवा. पण स्टॉल, तिरप्या वाऱ्यातलं लँडिंग, सर्किट (धावपट्टीभोवतीचा फेरा), हवामान, वजन आणि संतुलन हे धडे तुम्ही स्वतः, तुमच्या भाषेत, तुमच्या उदाहरणांनी लिहिले नाहीत तर परीक्षेत पहिल्या उलट्या प्रश्नाला गाडी अडते.

तिसरं, शिकवायला कुणीतरी पकडा. धाकटा भाऊ, शेजारची दहावीची मुलगी, आजोबा, कुणीही. विमान कधी न पाहिलेला माणूस सगळ्यात उत्तम. मी येवल्याच्या मावसभावाला पंखाचा कोन समजावत होते. दहा मिनिटं बोलले, त्याच्या चेहऱ्यावर काही हलेना. मग संक्रांतीचा पतंग आठवला. पतंगाला बांधलेला दोरा थोडा वर-खाली केला की पतंग वाऱ्याला कमी-जास्त कलून उभा राहतो. बेताचा कललेला असला तर चढतो, फारच कलला तर वर जायचं सोडून डोलायला लागतो. येवल्याच्या मुलाला हे हाताने माहीत होतं, फक्त शब्द नव्हते. विमानाचा पंखही ठरावीक कोनाच्या पलीकडे गेला की त्याची उचल कोसळते, त्यालाच स्टॉल म्हणतात, एवढं सांगितल्यावर त्याने स्वतःच विचारलं, "म्हणजे वेग जास्त असला तरी होईल?" होतो. कोन ओलांडला की कुठल्याही वेगाला होतो. हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून येतो तेव्हा धडा पोचलेला असतो.

आपल्या भागात अशी उदाहरणं पावलोपावली आहेत. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात ढग का अडकतात? समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराने वर ढकलली जाते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. थंडीत निफाडचा पारा का उतरतो, आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर सकाळी धुकं का धरतं? हवामानाचा अर्धा पाठ एवढ्यात होतो.

चौथं, उजव्या सीटची सवय. आजवर तुम्ही डावीकडे बसून उडालात. इन्स्ट्रक्टर उजवीकडे बसतो. हात बदलतात, नजरेचा कोन बदलतो, लँडिंगला धावपट्टीची मध्यरेषा सरकल्यासारखी वाटते. कोर्सआधी जमेल तिथे तीन-चार तास उजवीकडून उडून घ्या. आणि उडताना बोला. हात जे करताहेत तेच तोंडाने, त्याच क्षणी, कमी शब्दांत सांगायचं. यालाच आपल्याकडे पॅटर म्हणतात. घरी खुर्चीवर बसून, डोळे मिटून पॅटरचा सराव करता येतो. घरचे काय म्हणतील याची काळजी करू नका, रोज वीस मिनिटं करा.

स्पिनची भीती वाटते. ते टाळता येतं का?

टाळू नका. भीती वाटणं योग्य आहे. स्टॉल झालेलं विमान गिरकी घेत खाली येतं, समोरच्या काचेत जमीन फिरते, आणि पहिल्यांदा कुणाचाही श्वास अडतो. पण तुमचा विद्यार्थी एक दिवस स्टॉलच्या सरावात चुकीचा रडर (शेपटीवरची, पायाने चालणारी पट्टी) दाबणार आहे. त्या वेळी त्याच्या शेजारी तुम्ही असाल, दुसरं कुणी नसेल. बाहेर काढण्याचा क्रम सर्वसाधारणपणे असा : पॉवर आयडल (इंजिन किमान शक्तीवर), एलरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) न्यूट्रल, गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण, मग एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) पुढे. आपल्या विमानाच्या पुस्तकात जो क्रम दिला असेल तो अंतिम.

कोर्स निवडताना इथेही विमानाचा प्रश्न येतो. सेसना १५२ ला स्पिन चालतं. सेसना १७२ ला फक्त युटिलिटी गटाच्या वजन-मर्यादेत चालतं, मागची सीट रिकामी ठेवून. डायमंड डीए-४० ला स्पिन मना आहे. ज्या संस्थेत फक्त डीए-४० आहेत ती स्पिनसाठी तुम्हाला कुठे पाठवणार, हे विचारून घ्या. आणि एकदा करून मोकळं करणाऱ्या इन्स्ट्रक्टरपेक्षा तुम्ही स्वतः बोलत बोलत बाहेर काढेपर्यंत करून घेणारा शोधा.

नापास झाले तर?

मी झाले होते. तोंडी परीक्षा. अमेरिकेत पहिल्यांदा इन्स्ट्रक्टर होणाऱ्याची तोंडी परीक्षा चार-सहा तासही चालते. परीक्षक म्हणाले, "मी सोळा वर्षांची मुलगी आहे, आज माझा पहिला दिवस. विमान वळतं कसं, ते सांग." मी टाचणातला पाठ म्हणून दाखवला. त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, मी तीच वाक्यं पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदाही तेच. शिकण्याच्या चार पातळ्या मी त्यांना सकाळीच घडाघडा सांगितल्या होत्या : पाठांतर, समज, वापर आणि सांगड. मी स्वतः पहिल्या पातळीवर उभी होते, आणि ते त्यांना दिसलं.

त्या रात्री घरी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या इन्स्ट्रक्टरने टाचण काढून घेतलं आणि कोरा कागद दिला. बँक केल्यावर, म्हणजे विमान एका बाजूला कलवल्यावर, पंखाची उचल तिरकी होते, तिचा आडवा भाग विमानाला वळवतो, रडर वळवत नाही, तो फक्त नाक सरळ ठेवतो, एवढं मी सतरा वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. बारा दिवसांनी पास झाले. तिथल्या नियमाप्रमाणे ६० दिवसांच्या आत पुन्हा परीक्षा दिली तर आधी जमलेल्या भागांचं श्रेय मिळतं, राहिलेलं तेवढंच द्यावं लागतं. म्हणून नापास झालात तर तिथून परतू नका. राहण्याच्या खर्चात तीन आठवडे जास्तीचे धरूनच घरातून निघा.

कुठल्या महिन्यात जावं?

भारतात जून ते सप्टेंबर झटपट कोर्सच्या वाटेला जाऊ नका. ढग खाली असतात, उड्डाणं रद्द होतात, चौदा दिवसांचे चाळीस होतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीचं धुकं हीच गत करतं. आपल्या खानदेशात ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये उडता येतं, पण तापलेली हवा विरळ असते, विमान जड चढतं आणि दुपारी हिसके बसतात, त्यामुळे खरा सराव पहाटेच होतो. फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी गडगडाटी ढग नेमाने येतात. तिथे जाणाऱ्याने हिवाळा धरावा.

पैशांचं कसं करायचं?

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार काका मला भेटायला आले होते. मुलाच्या कोर्ससाठी जमिनीवर कर्ज काढायच्या तयारीत. मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, काका, औषध फवारणीचा खर्च धरताना फक्त औषध धरता की पाणी, डिझेल, मजुरीही धरता? संस्थेची ‘एकूण फी’ म्हणजे बहुतेक वेळा नुसतं औषध. परीक्षकाची फी वेगळी. परीक्षेच्या दिवशीचं विमानाचं भाडं वेगळं. जमिनीवर शिकवण्याचे तास वेगळे. विमानाचा दर इंधनासह आहे की इंधनाविना, आणि तास कुठल्या मीटरवर मोजतात, हेही बघायचं. हॉब्स मीटर सहसा इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा चालतो. टॅक मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर सावकाश फिरताना तो कमी मोजतो. त्याच उड्डाणाचं बिल दोन मीटरवर वेगळं येतं.

सगळी फी एकदम भरू नका. टप्प्याटप्प्याने, झालेल्या तासांप्रमाणे भरा. एकरकमी भरल्यास मोठी सूट, असं म्हणणाऱ्या संस्थेकडे मी तरी पैसे ठेवणार नाही. संस्था मध्येच बंद पडली तर सूट कुणाकडे मागायची? काकांनी जमीन गहाण टाकली नाही. मुलगा वर्षभर थांबला, काही पैसे त्याने कमावले, आणि त्या वर्षात तयारी पुरी झाल्यामुळे कोर्सही वेळेत संपला.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजीत शिकवता येईल का?

येईल. रेडिओसाठी इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते आणि सीपीएल असेल तर ती तुमच्याकडे आहेच. शिकवण्यासाठी सोपं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी जास्त कामी येतं. उलट मी म्हणेन, परक्या भाषेत एकदा शिकलेल्या माणसाला विद्यार्थी कुठे अडखळतो ते लवकर कळतं. धड्याची कल्पना आधी मराठीत स्वच्छ मांडून बघा. मराठीत गोंधळ असेल तर तो इंग्रजीचा दोष नाही.

मुलगी आहे. दूरच्या गावी, परक्या संस्थेत, पाठवावं का?

आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे, मी त्यावर कधी रागावत नाही. राहण्याची जागा धावपट्टीपासून किती दूर, पहाटे पाचला न्यायची सोय काय, संस्थेत इतर महिला इन्स्ट्रक्टर किंवा विद्यार्थिनी आहेत का, हे विचारा आणि त्यांच्याशी थेट बोला. उत्तरं पटली तर निर्धास्त पाठवा. मुलगी इन्स्ट्रक्टर म्हणून चालेल का, हा प्रश्न मात्र विचारूच नका. चालते.

इन्स्ट्रक्टरचे तास एअरलाइनला चालतात का?

हो. विद्यार्थ्याला शिकवताना विमानाचे कमांडर तुम्ही असता, आणि ते तास तुमच्या नावावर चढतात. एटीपीएलसाठी (एअरलाइन कॅप्टनचा परवाना) लागणाऱ्या १,५०० तासांकडे जाण्याचा हा प्रामाणिक रस्ता आहे. पण फक्त तासांसाठी येणार असाल तर थोडं थांबून विचार करा. विद्यार्थ्याचे पैसे, त्याचा जीव आणि त्याच्या पहिल्या सवयी तुमच्या हातात असतात. पहिल्यांदा चुकीचं शिकलेलं नंतर पुसायला फार कष्ट पडतात.

एकदा मिळालेलं सर्टिफिकेट किती काळ चालतं?

अमेरिकेत १ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख छापत नाहीत. मात्र दर २४ महिन्यांनी आपण सरावात असल्याचं नियमाप्रमाणे दाखवावं लागतं, नाहीतर शिकवता येत नाही. भारतातल्या रेटिंगची मुदत आणि नूतनीकरण संस्थेच्या कार्यालयात आधीच समजून घ्या.

प्रवेशाआधी संस्था बघायला जावं का, की फोनवर भागेल?

भारतातली असेल तर जाच, आणि सकाळी सातला पोचा. पहिल्या उड्डाणाच्या ब्रीफिंगला मागे बसायची परवानगी मागा. इन्स्ट्रक्टर फळ्यावर काय काढतो, विद्यार्थ्याला किती बोलू देतो, ते बघा. विमान उतरल्यावर डीब्रीफिंग होतं का, की दोघे नुसतीच सही करून चहाला जातात? हँगरमध्ये डोकवा. टेक-लॉग (विमानाच्या दुरुस्तीची नोंदवही) मागा आणि गेल्या महिन्यात विमान किती दिवस जमिनीवर होतं ते मोजा. मग तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा, गेल्या आठवड्यात तुझी किती उड्डाणं ठरली होती आणि किती झाली? तो आकडा वहीत लिहून घ्या. फीच्या कागदाशेजारी तो ठेवला की कुठे जायचं, ते घरी परतताना चांदवडच्या घाटापर्यंत तुमचं ठरलेलं असेल.